ट्वायलाइटला क्रिटिक्सनी खरंच धुतलं होतं का? त्या पन्नास टक्क्यांची गोष्ट

ट्वायलाइटचा विषय निघाला की कोणीतरी एक जण हमखास म्हणतोच, अरे तो पिक्चर एवढा टुकार होता की क्रिटिक्सनी पार धुऊन काढला होता. मग दुसरा मोबाईल काढतो, रॉटन टोमॅटोज ही रिव्ह्यू गोळा करणारी साइट उघडतो, हे बघ, पन्नासच्या आसपास, म्हणजे शंभरात पन्नास मार्क, काठावर पास. मीही बरीच वर्षं हेच धरून चालले होते, वाद घालायच्या भानगडीत कधी पडले नाही, कारण मला तो पिक्चर आवडला होता हे चारचौघांत सांगायचीच लाज वाटायची. पण मध्ये एकदा २००८ चे जुने रिव्ह्यू वाचत बसले आणि लक्षात आलं की दोघंही चुकतायत. मालिकेतल्या पाच पिक्चरपैकी पहिल्याला कोणी धुतलं वगैरे नव्हतं, आणि पन्नास टक्के म्हणजे पन्नास मार्क तर अजिबातच नाहीत.

ज्यांनी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बेला स्वान नावाची सतरा वर्षांची मुलगी ॲरिझोनातलं ऊन सोडून वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स नावाच्या पावसाळी छोट्या गावात वडिलांकडे राहायला येते, वडील तिथले पोलीस प्रमुख, शाळेत एडवर्ड कलन नावाचा पांढराफटक देखणा मुलगा भेटतो, तो व्हॅम्पायर असतो, १९१८ पासून सतराच वर्षांचा. त्याचं कुटुंब माणसांचं रक्त पीत नाही, प्राण्यांचं पितं, आणि त्याला ते गमतीत शाकाहार म्हणतात. उन्हात आल्यावर हे लोक जळत नाहीत, चमकतात. हो, चमकतात, हिऱ्यासारखे. या चमकण्यावर पुढची दहा वर्षं जगाने विनोद केले.

स्टेफनी मायरची कादंबरी २००५ साली आली, चौथा भाग २००८ मध्ये, आणि पिक्चर २१ नोव्हेंबर २००८ ला अमेरिकेत लागला. दिग्दर्शक कॅथरीन हार्डविक, पटकथा मेलिसा रोझेनबर्ग, बेला म्हणजे क्रिस्टन स्ट्युअर्ट आणि एडवर्ड म्हणजे रॉबर्ट पॅटिन्सन. आज वाटतं की हे तर हिट होणारच होतं, पण तेव्हा तसं कोणालाच वाटत नव्हतं. हक्क आधी पॅरामाउंटच्या एमटीव्ही फिल्म्सकडे होते आणि तिथे जी पटकथा लिहिली गेली होती तिच्यात बेला धावपटू होती, एफबीआय होती, जेट स्कीवर पाठलाग होता, म्हणजे पुस्तक वाचलेल्या एकाही मुलीने ओळखलं नसतं असं काहीतरी. ते बारगळलं आणि मग समिट एंटरटेनमेंट या तेव्हाच्या छोट्या स्टुडिओने उचललं. बजेट सुमारे ३.७ कोटी डॉलर, हॉलिवूडच्या फँटसी पिक्चरच्या मानाने हे काहीच नाही. रिलीजही आधी डिसेंबरमध्ये होता, पण त्या वर्षी हॅरी पॉटरचा सहावा भाग नोव्हेंबरमधून उठून थेट पुढच्या जुलैत गेला, जागा रिकामी झाली आणि समिटने पिक्चर तिथे सरकवला. हे सगळं सांगायचं कारण म्हणजे क्रिटिक्सच्या समोर जे आलं ते असं होतं, स्वस्तात बनवलेला, घाईघाईत हलवलेला, मुलींच्या पुस्तकावरचा पिक्चर, दिग्दर्शिका मात्र थर्टीनसारखी अस्वस्थ करणारी छोटी फिल्म बनवलेली बाई.

आता तो आकडा.

रॉटन टोमॅटोज १९९८ साली सेन्ह डुआँग नावाच्या बर्कलीच्या विद्यार्थ्याने सुरू केलं. तो जॅकी चॅनचा फॅन, त्याला त्याच्या पिक्चरचे सगळे रिव्ह्यू एका जागी गोळा करायचे होते, एवढीच हौस होती त्यामागे. तिथला टक्का कसा निघतो ते बघा. प्रत्येक रिव्ह्यूला फक्त एक प्रश्न विचारला जातो, आवडला की नाही? हो किंवा नाही, मधलं काही नाही. मग शंभरातले किती जण हो म्हणाले ती टक्केवारी. साठ किंवा वर असेल तर लाल टोमॅटो, खाली असेल तर हिरवा चिखल. म्हणजे वर्गात बाई विचारतात, कोणाकोणाला गोष्ट आवडली, हात वर करा, आणि हात मोजतात. कोणाला किती आवडली हे बाईंनी विचारलेलंच नसतं.

याचा परिणाम काय होतो ते एका खोट्या उदाहरणाने सांगते कारण मला स्वतःला असंच समजलं. समजा दहा क्रिटिक आहेत. पहिला पिक्चर बघून दहाही जण म्हणतात ठीक आहे, दहापैकी सहा. सगळ्यांचे हात वर, टक्का शंभर. दुसरा पिक्चर बघून पाच जण वेडे होतात आणि नऊ देतात, उरलेले पाच वैतागून चार देतात. टक्का पन्नास, हिरवा चिखल. पण सरासरी काढा, पहिल्याची सहा आणि दुसऱ्याची साडेसहा! ज्याला चिखल मिळाला त्याला जास्त मार्क आहेत, आणि ज्याच्यावर कोणीच जीव टाकला नाही तो शंभर टक्के घेऊन मिरवतोय.

ट्वायलाइट अगदी त्या दुसऱ्या टोकाचा नव्हता, कोणी नऊबिऊ देत नव्हतं, त्याची तिथली सरासरी दहापैकी साडेपाचच्या आसपास आहे. पण मुद्दा तोच, निम्मे क्रिटिक म्हणाले बघायला हरकत नाही आणि निम्मे म्हणाले नको. बहुतेक सगळे मध्यावरच्या रेषेच्या थोडे अलीकडे किंवा थोडे पलीकडे उभे होते. याला धुणं म्हणत नाहीत, याला मत विभागलं गेलं म्हणतात.

रेषेच्या अलीकडे पलीकडे म्हणजे काय याचं सगळ्यात छान उदाहरण रॉजर एबर्ट. शिकागोचा, अमेरिकेतला बहुधा सगळ्यात जास्त वाचला जाणारा समीक्षक, त्याने ट्वायलाइटला चारपैकी अडीच स्टार दिले. चारपैकी अडीच म्हणजे गणिताने साडेबासष्ट टक्के, आपल्याकडे फर्स्ट क्लास. पण एबर्टच्या स्वतःच्या हिशोबात तीन स्टार म्हणजे अंगठा वर आणि अडीच म्हणजे अंगठा खाली, हे त्याने स्वतः लिहून ठेवलेलं आहे. त्यामुळे हो किंवा नाही असं विचारलं की त्याचे अडीच स्टार नाहीच्या बाजूला जाऊन पडणार. आणि रिव्ह्यू वाचलात तर त्यात राग नाहीये, उलट मिश्कीलपणा आहे. त्याचं म्हणणं साधारण असं की या पिक्चरने सोळा वर्षांच्या मुली भारावून जातील आणि त्यांच्या आज्याही, आयांना मात्र अशी मुलं चांगलीच माहीत असतात. हे वाक्य मला अजूनही या पिक्चरवर लिहिलेलं सगळ्यात शहाणं वाक्य वाटतं, शेवटी परत येते त्याच्याकडे.

मेटाक्रिटिक ही अशीच दुसरी साइट, तिची पद्धत वेगळी आहे. तिथे प्रत्येक रिव्ह्यूचं शंभरातल्या मार्कांत रूपांतर करतात, मोठ्या नावांना जरा जास्त वजन देतात (किती ते सांगत नाहीत, आणि हे मला कधीच पटलेलं नाही) आणि मग सरासरी. तिथे ट्वायलाइटला ५६. चाळीस ते साठ म्हणजे त्यांच्या भाषेत संमिश्र. थोडक्यात तोच पिक्चर, जवळपास तेच रिव्ह्यू, एकीकडे चिखलाचा शिक्का आणि दुसरीकडे बरा आहे बाबा.

मग या मध्यावर उभ्या असलेल्या लोकांचं नेमकं म्हणणं काय होतं? तक्रारी खऱ्या होत्या, मी फॅन असून सांगते. मेकअप, देवा. कलन कुटुंबाच्या तोंडावर चुना फासल्यासारखा, आणि मान वेगळ्या रंगाची. एडवर्ड बेलाला पाठीवर घेऊन झाडांवरून पळतो तो सीन आजही बघताना हात तोंडावर जातो, तारेला टांगलंय हे स्पष्ट कळतं, पैसेच नव्हते त्यांच्याकडे. संवाद पुस्तकातून उचललेले, कागदावर वाचताना ठीक, तोंडातून निघाले की जड. व्हॅम्पायरच्या गोष्टीत रक्त कुठेय, भीती कुठेय, असं भयपटवाल्यांचं म्हणणं. आणि एक गंभीर तक्रार, जी तेव्हा काही जणांनीच मांडली आणि नंतर वाढत गेली, ती म्हणजे हा मुलगा रात्री तिच्या खोलीत घुसून तिला झोपलेली बघत बसतो, तिचा पाठलाग करतो, तुझा जीव घ्यावासा वाटतो म्हणतो, आणि हे सगळं रोमान्स म्हणून दाखवलंय. यावर माझ्याकडे काही बचाव नाही. तो भाग तसाच आहे.

पण ज्यांना आवडला त्यांना काय आवडलं हे कोणी सांगत नाही. त्यांना आवडलं की हार्डविकला सतरा वर्षांचं असणं म्हणजे काय हे आठवतंय. कॅमेरा अंगावर येतो, थरथरतो, सगळं निळसर हिरवट ओलं दिसतं (कॅमेरामन एलियट डेव्हिस), प्रयोगशाळेत दोघं शेजारी बसलेत आणि काहीच घडत नाहीये तरी श्वास अडकतो. स्ट्युअर्ट आणि पॅटिन्सनमध्ये जे काही होतं ते खोटं करता येत नाही. संगीत कार्टर बर्वेलचं, जो कोएन बंधूंच्या पिक्चरना संगीत देतो, म्हणजे ऐरागैरा नव्हे. आणि तो बेसबॉलचा सीन, ढगांच्या गडगडाटात व्हॅम्पायर बेसबॉल खेळतात कारण त्यांच्या फटक्याचा आवाज एरवी गावभर जाईल, मागे म्यूज बँडचं गाणं, कॅमेरा गरागरा. तेव्हा बऱ्याच जणांना तो हास्यास्पद वाटला. आहेच तो हास्यास्पद. पण तो सीन बनवणाऱ्या बाईला ते माहीत नव्हतं असं समजणं ही जरा जास्तच घाई आहे.

आता प्रेक्षक. इथे तिसरं माप येतं, सिनेमास्कोर. १९७९ च्या सुमारास एड मिंट्झ नावाच्या माणसाने सुरू केलं, गंमत म्हणजे एक पिक्चर बघून निराशा झाली त्यातून. पद्धत साधी, पहिल्या दिवशी थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या लोकांच्या हातात कार्ड द्यायचं, ग्रेड द्या म्हणायचं, ए प्लसपासून एफपर्यंत. ट्वायलाइटला मिळाला ए मायनस.

बघा बघा, लोकांना आवडला, क्रिटिक मूर्ख! असं म्हणायचा मोह होतो, पण थांबा, कारण इथेही एक खाच आहे. पहिल्याच दिवशी कोण जातं? ज्याला आधीच जायचं होतं तो. ट्वायलाइटच्या पहिल्या वीकेंडला आलेल्या गर्दीत बहुसंख्य मुली आणि बायका होत्या, बहुतेकींनी पुस्तक वाचलेलं. त्यांना प्रश्न असा नव्हताच की हा चांगला सिनेमा आहे का, त्यांना बघायचं होतं की माझ्या डोक्यातला एडवर्ड पडद्यावर आला का, माझं आवडतं वाक्य कापलं तर नाही ना. म्हणजे सिनेमास्कोर मोजतो ते अपेक्षा पूर्ण झाली का हे. म्हणून तर उलटही घडतं, २०१७ मध्ये डॅरन ॲरोनॉफ्स्कीचा मदर आला, क्रिटिक्सकडून लाल टोमॅटो मिळाला आणि प्रेक्षकांनी थेट एफ दिला, कारण लोक भयपट समजून गेले आणि बघायला मिळालं भलतंच.

क्रिटिकचं काम वेगळं असतं. तो आठवड्याला पाच सहा पिक्चर बघतो, पुस्तक वाचलेलं असेलच असं नाही, आणि त्याला ज्याला काहीच माहीत नाही अशा वाचकाला सांगायचं असतं की जाऊ का नको. दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळी उत्तरं, आणि आपण ती एकमेकांच्या अंगावर फेकत बसतो.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या वीकेंडला अमेरिकेत ६.९६ कोटी डॉलर आले, म्हणजे बजेटच्या जवळपास दुप्पट तीन दिवसांत. बाईने दिग्दर्शित केलेल्या पिक्चरची तोपर्यंतची ती सगळ्यात मोठी ओपनिंग होती, आधीचा विक्रम मिमी लेडरच्या डीप इम्पॅक्टचा, १९९८ मधला. आणि बक्षीस म्हणून काय मिळालं, तर हार्डविकने नंतर मुलाखतींत सांगितलंय की स्टुडिओकडून एक डबा आला, उघडला तर आत एक छोटा कपकेक. अशा वेळी पुरुष दिग्दर्शकाला गाडी मिळते, नाहीतर पुढच्या तीन पिक्चरचा करार. दुसरा भाग तिने केला नाही, त्यानंतरचे सगळे भाग पुरुषांनी दिग्दर्शित केले.

आणि इथून खरी गोष्ट सुरू होते, कारण मला वाटतं क्रिटिक्सनी धुतलं ही आठवण पहिल्या पिक्चरची नाहीच. ती पुढच्या भागांची आहे, आणि ती मागे जाऊन पहिल्याला चिकटली.

न्यू मून, नोव्हेंबर २००९, दिग्दर्शक क्रिस वाइट्झ. रॉटन टोमॅटोजवर तिशीच्या आत. आणि बरोबरच होतं हो ते. एडवर्ड पहिल्या अर्ध्या तासात निघून जातो, बेला खिडकीत बसून महिनेच्या महिने काढते, तिचा लांडगा होणारा मित्र जेकब, त्याचा शर्ट निघतो तो परत अंगावर येत नाही, दोन तास दहा मिनिटं. पण पहिला वीकेंड १४.२८ कोटी डॉलर! पहिल्याच्या दुपटीहून जास्त. तिसरा एक्लिप्स जरा सावरला, पुन्हा पन्नासच्या जवळ. चौथ्या पुस्तकाचे दोन तुकडे केले, हॅरी पॉटरवाल्यांनी केले म्हणून यांनीही, आणि ब्रेकिंग डॉनचा पहिला तुकडा पंचविशीच्या आसपास जाऊन आपटला, शेवटचा परत पन्नासजवळ. प्रेक्षकांचे ग्रेड मात्र ए आणि ए मायनसच्या खाली फक्त एकदाच गेले, त्याच चौथ्या पिक्चरला बी प्लस. म्हणजे कुठला भाग वाईट आहे यावर फॅन आणि क्रिटिक यांचं चक्क एकमत होतं, फक्त पट्टी वेगळी होती.

अजून एक हिशोब करून बघण्यासारखा आहे, पहिल्या वीकेंडच्या किती पट एकूण कमाई झाली. ट्वायलाइटने अमेरिकेत एकूण १९.२८ कोटी केले, म्हणजे ओपनिंगच्या पावणेतीन पट. न्यू मूनने २९.६६ कोटी, म्हणजे दोनच पटींच्या थोडं वर. याचा अर्थ न्यू मूनला सगळ्या फॅन पहिल्या तीन दिवसांत धावत गेल्या आणि मग थिएटरं ओसरली, पण पहिल्या पिक्चरला नंतरही लोक येत राहिले, मैत्रिणीने सांगितलं म्हणून, बहिणीने ओढून नेलं म्हणून. आता क्रिटिक्सचे आकडे शेजारी ठेवा. पहिला पन्नास, दुसरा तीस. जो त्यांना कमी वाईट वाटला तोच जास्त टिकला. फॅन नसलेल्या माणसाला काय वाटेल याचा अंदाज त्यांना बरोबर आला होता की! क्रिटिक काहीही म्हणोत, चालणारच अशा पिक्चरना हॉलिवूडमध्ये क्रिटिक-प्रूफ म्हणतात, पण ते कवच फक्त पहिल्या वीकेंडपुरतं असतं, नंतर गळायला लागतं.

कवच प्रत्येकाला मिळतं असंही नाही. ट्वायलाइटनंतर प्रत्येक स्टुडिओला आपला ट्वायलाइट हवा होता. २०१३ च्या व्हॅलेंटाइन डेला ब्युटिफुल क्रीचर्स आला, यावेळी मुलगी जादूगार आणि मुलगा साधा माणूस, सोबत जेरेमी आयर्न्स, एमा थॉम्पसन, व्हायोला डेव्हिस, म्हणजे अभिनयाची फौजच. क्रिटिक्सचा आकडा जवळपास ट्वायलाइटएवढाच, पन्नासच्या जरा खाली. बजेट सुमारे ६ कोटी डॉलर आणि जगभरातून कमाईही तेवढीच, अमेरिकेत तर दोन कोटीही झाले नाहीत. थिएटरचा वाटा गेल्यावर हातात काय उरलं असेल बघा. मालिका तिथेच संपली. आकडा तोच, नशीब उलटं. त्याच वर्षी आलेल्या द मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्सला तर क्रिटिक्सनी खरोखरच धुतलं, पंधरा टक्क्यांच्याही आत. ज्यांना धुणं म्हणजे काय ते बघायचंय त्यांनी ते रिव्ह्यू वाचावेत.

आणि क्रिटिक्सना या जातीच्या पिक्चरचाच राग होता असं म्हणणाऱ्यांसाठी वॉर्म बॉडीज, तोही २०१३ चाच, तोही समिटचाच. झोंबी मुलगा आणि जिवंत मुलगी यांचं प्रेम, व्हॅम्पायरपेक्षा कितीतरी अशक्य कल्पना, मेंदू खातो हो तो. तरी ऐंशीच्या आसपास टक्के. कारण तो स्वतःवर हसतो. समीक्षकाला पिक्चर स्वतःवर हसला की बरं वाटतं, आपल्याला हसावं लागत नाही. ट्वायलाइटचा गुन्हा हा की तो अजिबात हसत नाही, शंभर टक्के गंभीर आहे, सतरा वर्षांच्या मुलीला आपलं पहिलं प्रेम जेवढं गंभीर वाटतं तेवढा. मला हा गुण वाटतो, तुम्हाला दोष वाटू शकतो.

रॅझीचंही सांगायला पाहिजे, कारण बदनामीत त्याचा मोठा हात आहे. गोल्डन रास्पबेरी म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट पिक्चरना दिलेले टवाळ पुरस्कार. २०१३ च्या सोहळ्यात ब्रेकिंग डॉनच्या शेवटच्या भागाला दहापैकी सात मिळाले, वाईट पिक्चर, वाईट दिग्दर्शक, वाईट नायिका, सगळं. ऐकायला भयंकर, पण हे पुरस्कार समीक्षक ठरवत नाहीत. पैसे भरून कोणीही सदस्य होऊ शकतं आणि मत देऊ शकतं, पिक्चर बघितलाच पाहिजे असंही कोणी तपासत नाही. ज्याच्यावर विनोद करायची त्या वर्षी फॅशन असते त्याच्यावर मतं पडतात. शिवाय मालिका संपत होती, शेवटची संधी. हो, त्यात बेला आणि एडवर्डचं ते कॉम्प्युटरने बनवलेलं बाळ होतं, ते मात्र कुठल्याही पुरस्काराच्या पलीकडचं आहे. त्याआधी एक यांत्रिक बाहुली बनवली होती, ती एवढी भीतिदायक निघाली की युनिटने तिला भुताच्या बाहुलीचं नाव चिकटवलं होतं.

एक गोष्ट उरते ती म्हणजे हसणारे कोण होते आणि हसलं कोणावर जात होतं. तेव्हा मोठ्या वर्तमानपत्रांतले बहुतेक समीक्षक पुरुष होते, मध्यमवयीन. म्हणून त्यांचे रिव्ह्यू खोटे ठरत नाहीत, मेकअप वाईट होता तर होता. पण टर पिक्चरवरून सरकून हळूहळू बघणाऱ्या मुलींवर गेली, किंचाळणाऱ्या, वेड्या, डोकं नसलेल्या. कार रोबोट होऊन एकमेकांना आपटतात अशा पिक्चरलाही कमी टक्के मिळायचे, तिथेही मुलं शिट्ट्या मारायची, पण त्या मुलांच्या बुद्धीवर कोणी लेख लिहिले नाहीत. २०१८ मध्ये लिंडसी एलिस नावाच्या यूट्यूबवर सिनेमाचं विश्लेषण करणाऱ्या बाईने मायरची चक्क माफी मागणारा व्हिडिओ केला, की आम्ही सगळ्यांनी जरा जास्तच केलं. तिला ट्वायलाइट अचानक महान वाटायला लागला असं नाही, एवढा राग करण्यासारखं त्यात काय होतं, एवढाच तिचा मुद्दा.

मध्यंतरी स्ट्युअर्टला सेझार हा फ्रान्सचा सिनेपुरस्कार मिळाला, २०१५ मध्ये, अमेरिकन नटीला पहिल्यांदाच. नंतर स्पेन्सरसाठी ऑस्कर नामांकन. पॅटिन्सन बॅटमॅन झाला. लाकडाचे ठोकळे म्हणून ज्यांना हिणवलं ते दोघं. आणि २०२१ मध्ये पाचही पिक्चर अमेरिकेत नेटफ्लिक्सवर आले तर लगेच पहिल्या दहात, तेरा वर्षं जुना निळा हिरवा ओला पिक्चर. रॉटन टोमॅटोजचा आकडा मात्र आहे तिथेच, पन्नासच्या आसपास.

एबर्टच्या त्या वाक्याकडे परत येते. सोळा वर्षांच्या मुली आणि आज्या भारावून जातील, आयांना अशी मुलं माहीत असतात. २००८ च्या त्या सोळा वर्षांच्या मुली आता तिशी ओलांडून बसल्यात, काही जणी तर स्वतः आया झाल्यात, अशी मुलं त्यांना भेटूनही झाली आणि काहींनी त्यांना सोडूनही दिलं. त्या परत बघतात. एडवर्ड खिडकीतून आत आला की पोलिसांना बोलव गं असं ओरडतात टीव्हीकडे बघून, आणि मग ढग गडगडतात, बेसबॉल सुरू होतो, म्यूजचं गाणं लागतं, आणि सगळ्या उठून आवाज वाढवतात.